घरच्यासारखं जेवण

टूरचं माहितीपत्रक आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर आलं, तेव्हा बर्फाच्या शिखरांची सगळी पानं बाबांनी भराभर उलटली. त्यांचं बोट शेवटच्या पानावर जाऊन थांबलं. ‘डोंगरातही घरच्यासारखं जेवण! आपले आचारी आपल्यासोबत!’

‘‘ही टूर ठरली,’’ बाबा म्हणाले.

‘‘घरच्यासारखं जेवायला मी घर कशाला सोडू?’’ आई म्हणाली.

प्रश्न बिनतोड होता. बाबांनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

मी तेव्हा नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीवर आमच्या कंपनीचं उत्तम चाललं होतं. पहिल्या बोनसमधून आईबाबांना हिमालय दाखवायचा असं मी ठरवलं, आणि आई यायला तयार झाली ती एका अटीवर. ‘‘मला बर्फबिर्फ नाही दाखवलात तरी चालेल,’’ ती म्हणाली. ‘‘मला करता येत नाही असं काहीतरी एकदा खायचंय.’’

अट ऐकायला सोपी वाटते, पण त्यामागे दहा वर्षांचा छळ होता. त्या काळात पुण्यात रोज काहीतरी नवीन खायला येत होतं. मंचुरियन आलं, पिझ्झा आला, थरांचे पेस्ट्री-केक आले. आमच्याकडे प्रत्येक पदार्थ बाहेर एकदाच खाल्ला जायचा. तिसऱ्या घासाला बाबा डोळे मिटून म्हणायचे, ‘‘छान आहे. तू घरी करून बघ, याच्यापेक्षा छान होईल.’’ झालं! पुढच्या रविवारी आई कोबी किसून मंचुरियनचे गोळे वळत असायची. बाबांना ही स्तुती वाटायची. आईला सुरुवातीला तीच वाटली असावी. पण पुढे पुढे हॉटेलातून बाहेर पडताना तिचा चेहरा बॉसनं नवं काम दिल्यासारखा व्हायचा.

नैनितालला तळ्याकाठी जागोजागी मोठाल्या पातेल्यांतून वाफा निघत होत्या. आई एका पातेल्यापाशी थांबली, तेवढ्यात टूर मॅनेजरनं शिट्टी फुंकली. हा मॅनेजर सरसकट सगळ्यांना काका-काकू म्हणायचा आणि शिट्टी मात्र शाळेच्या पीटीसारखी वाजवायचा. ‘‘चला काकू, गरम गरम उपमा वाट बघतोय!’’ काकू गेल्या. राणीखेतला एका जुन्या बेकरीच्या काचेत आलुबुखारचा केक दिसला. तिथे बस थांबवा म्हणून मी ड्रायव्हरच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले, तर मॅनेजरनं माइकवरून जाहीर केलं की आज आमरस आहे. बसमधल्या चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. समोर देवदारांचं जंगल पसरलं होतं आणि ही मंडळी आमरसाला टाळ्या वाजवत होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅनेजर सांगत होता की इंग्रज उकाड्याला कंटाळून इथे वर आले आणि येताना आपलं चर्च, आपला क्लब, आपली बिस्किटं, सगळं विलायतेचं बरोबर घेऊन आले. लोक हसले. हसायला आम्हाला तोंड नव्हतं. आमच्या बसच्या टपावर पोळपाट-लाटणी होती.

मसुरीला शेवटचा मुक्काम. हॉटेल म्हणजे इंग्रजांच्या वेळचा बंगला होता. दुपारी मॅनेजर हात चोळत व्हरांड्यात आला. मुख्य आचाऱ्याला थंडी बाधून ताप भरला होता. भात-आमटी होईल, पण पोळ्यांचं जरा कठीण आहे, असं तो म्हणाला.

व्हरांड्यातले सगळे चेहरे सुतकी झाले.

‘‘मग बाहेर जाऊन खाऊ या की,’’ मी म्हणाले. ‘‘मसुरीभर हॉटेलं आहेत.’’

‘‘बाहेरचं?’’ बिबवेवाडीचे एक काका म्हणाले. त्यांनी हा एकच शब्द अशा सुरात उच्चारला की मला माझ्या आईवडिलांच्या संस्कारांची काळजी वाटावी.

मग एका काकूंनी शालीची गाठ मारली. ‘‘पोळ्यांचं काय एवढं! आम्ही बायका आहोत ना. चला गं, पटापट लाटून टाकू.’’ बायका उठल्या. आणि आमचे बाबा, कुणी काही विचारलं नसताना, अभिमानानं म्हणाले, ‘‘आमच्या हिच्या पोळ्या खाऊन बघा तुम्ही. रेशमासारख्या!’’

‘‘बाबा, तिची सुट्टी आहे,’’ मी म्हणाले.

‘‘अगं, तासाभराचं तर काम.’’

बाबा वाईट असते तर भांडायला बरं पडलं असतं. पण ते खरंच कौतुक करत होते.

आई खोलीत गेली आणि स्वेटर, कानटोपी, कॅनव्हासचे बूट असा सगळा जामानिमा करून खाली आली. तिला स्वयंपाकघरात थंडी वाजेल म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आत डोकावली, ‘‘मी जरा जाऊन येते’’ म्हणाली आणि मागच्या पायऱ्यांनी सरळ रस्त्याला लागली.

पोळ्या झाल्या, जरा जाड झाल्या. पंगत बसली तरी आईचा पत्ता नव्हता. बाबांनी ताटाला हात लावला नाही. ‘‘हिला धड हिंदीसुद्धा येत नाही,’’ ते चारचारदा म्हणाले आणि मग चपला शोधायला लागले.

मॉल रोडच्या एका वळणावर ती आम्हा दोघांना सापडली. एका तिबेटी बाईच्या टपरीसमोर बाकावर बसली होती. हातात मोठा वाडगा, नाक लाल, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि समोर सगळी दरी पसरलेली.

‘‘अगं, तिकडे सगळे वाट बघताहेत,’’ बाबा म्हणाले.

‘‘बघू देत.’’

‘‘काय खातेस हे?’’ मी विचारलं.

‘‘माहीत नाही. तिनं भाज्या दाखवल्या, मी मान हलवली.’’

‘‘नाव तरी?’’

‘‘विचारलं नाही.’’ आणि ही माझी आई! हिनं लग्नाच्या पंगतीत उठून आचाऱ्याला मसाल्याचं प्रमाण विचारलेलं मी पाहिलं आहे.

बाबा उपाशीच होते. ते तिच्या शेजारी टेकले, तेव्हा टपरीवाल्या बाईनं न मागता त्यांच्याही पुढे वाडगा ठेवला. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. आता काय येणार ते मला तोंडपाठ होतं, आणि ते थांबवायला माझ्याकडे शिट्टी नव्हती.

‘‘छान आहे,’’ बाबा म्हणाले. मग त्या बाईकडे वळून त्यांनी आपल्या मराठी हिंदीत विचारलं, ‘‘ये कैसा बनाते है?’’

बाई खूश झाली. ‘‘बहुत आसान है साहब. पहले अदरक और...’’

आईनं वाडगा बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले. ती आमच्याकडे बघत नव्हती. दरीकडे बघत ती तशीच बसून राहिली, चांगली पन्नाशीची बाई, भर रस्त्यात.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला, पण कळलं. त्यांनी हात वर करून त्या बाईला थांबवलं.

‘‘रहने दो,’’ ते म्हणाले. ‘‘हमको नहीं बनाना है.’’

आईनं कानांवरचे हात काढले आणि गार व्हायच्या आत उरलेलं संपवलं.