आप्पांना न दाखवलेली बाग

इटलीला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, वाइन प्यायलास का? प्यायलो ना. आणि तिच्यापायी आयुष्यातली सगळ्यात मोठी माती खाल्ली, तेही ऐका.

रांजणगावच्या ज्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे, तिथं नवीन मशीन येणार होतं. त्याच्या ट्रेनिंगला मला दोन महिने इटलीला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी शिरूरच्या घरी बॅग भरत होतो, तर माझे वडील, आप्पा, भिंत चाचपडत आले आणि कॉटवर बसले. आप्पांनी उभा जन्म दौंडकडं दुसऱ्यांच्या द्राक्षबागा छाटल्या. स्वतःचा एक वेल नाही, पण हात असा की बागायतदार आमच्या तेव्हाच्या कासुर्डीच्या घरी येऊन त्यांची तारीख घेऊन जायचे. काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं नळीतून बघावं एवढंच दिसायचं. तेही फार दिवस राहणार नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"तिकडं लई द्राक्षं हायेत म्हंत्यात," आप्पा म्हणाले. "दिसतंय तवर एक बाग दाव मला फोनवर. दुसरं काय आणू नको."

या माणसानं माझ्याकडं आजवर काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "एक काय आप्पा, दहा दाखवतो!"

तिथला ट्रेनिंग देणारा माणूस मोकळ्या स्वभावाचा निघाला. एका रविवारी दुपारी तो मला गावाबाहेर, त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराकडं जेवायला घेऊन गेला. अंगणात टेबल मांडलेलं. म्हाताऱ्यानं घरची तांबडी वाइन ओतली आणि मग बशा यायला लागल्या. बशा कसल्या, भातुकलीच म्हणा! एकीत ऑलिव्ह, एकीत चीजच्या चकत्या, एकीत टोमॅटो चोळून तेल सोडलेला भाजका पाव, एकीत खारवलेल्या मांसाचे पातळ काप. एवढ्यानं काय होणार, असं वाटलं मला. आपल्याकडं चखणा म्हणजे शेंगदाण्याचे बकाणे भरायचे आणि पेला रिकामा करायचा. इथं एक घोट, एक घास, मग निवांत गप्पा. वाइन आधी तुरट लागली, मग चीजबरोबर अशी काही लागली की वा! खोटं कशाला बोलू, लई मजा आली.

रंगात येऊन मी सांगितलं, माझे वडील जन्मभर द्राक्षं छाटत आले. ट्रेनिंगवाल्यानं ते त्यांच्या भाषेत सांगताच म्हातारा ताडकन उठला. आतून छाटणीची कात्री घेऊन आला. म्हणाला, लाव फोन, मला त्यांच्याशी बोलायचंय, बाग दाखवायचीय.

मला घाम फुटला. आमचं घर बौद्ध. आप्पा रोज सकाळी पंचशील म्हणतात, आणि दारूला न शिवण्याचं पाचवं शील त्यांनी कधी मोडलं नाही. छाटणीची टोळी संध्याकाळी प्यायला बसायची, तेव्हा आप्पा बाजूला चहा घेत बसायचे. मी पितो हे त्यांना ठाऊक नाही, अशी माझी समजूत. इथं माझे डोळे तांबारलेले, जीभ जड, पुढ्यात बाटली. मी ठोकून दिलं, ते झोपले असतील. आमच्याकडं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते!

आणि नेमका तेव्हाच घरून व्हिडिओ कॉल आला. बायकोनं आप्पांसाठी लावलेला. मी कट केला. परत आला, परत कट केला. मग मेसेज टाकला, शिफ्टमध्ये आहे. म्हाताऱ्यानं कात्री टेबलावर ठेवली आणि पावाची बशी माझ्याकडं सरकवली.

पुढच्या रविवारी नक्की, असं ठरवलं. पुढच्या रविवारी पाऊस, त्याच्या पुढच्या रविवारी कंपनीत काम. बागेचे म्हणून काढलेले फोटो होते, पण प्रत्येकात पुढं मी, हातात पेला, मागं नुसता हिरवा पाला. तेवढा भाग कापून पाठवावा, हेसुद्धा या गाढवाला सुचलं नाही. महिन्याभरानं बायकोचा फोन आला, आप्पांना आता उजेडही कळत नाही.

त्याला वर्ष झालं. परवा राहवेना, म्हणून आप्पांजवळ बसून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, तोंड फिरवतील.

"रविवारी कसली रं शिफ्ट?" आप्पा म्हणाले. "तवाच कळलं मला. आन् तू पितोस ते काय मला आज कळतंय व्हय? वाईट वाटतं, न्हाई असं न्हाई. पर पेला बाजूला ठिवून बाग दावायची व्हती, येड्या. फोनमधनं काय वास येतो का?"

मला रडू आवरेना. आप्पांनी थोडा वेळ रडू दिलं, मग अंदाजानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं, झालं ते झालं. आता तोंडानं तरी सांग. खोड केवढं जाड व्हतं? वेल मांडवावर चढवत्यात का नुसता तारंवर? छाटताना काडी किती लांब ठिवत्यात ती माणसं?"

मी तोंड उघडलं. चीजची चव आठवत होती, ऑलिव्हचा खारटपणा आठवत होता. बाग टेबलापासून चार पावलांवर होती, आणि मी एकदाही उठून आत गेलो नव्हतो. आप्पा कान देऊन बसले होते.