गुरुवारचा उपवास

वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. त्यांच्या टोळीचा नियम होता, प्यालेल्याच्या पाठीवर गोणी द्यायची नाही. तो पडला तर मागचाही पडतो.

मी एस.वाय.ला असताना वडील सकाळी उपाशीपोटी झोकांड्या खाऊ लागले. अंगाला दरदरून घाम, जीभ जड. एकदा मलाच म्हणाले, "तू कुनाचा रं?" पोटात चार घास गेले की पुन्हा ठीक.

एक दिवस मुकादम घरी आला. "वैनी, गडी सकाळीच टाकून येतोय. आता घरीच ठिवा."

"मी थेंबाला शिवलो न्हाई," वडील म्हणाले.

"सगळं असंच म्हनत्यात!" मुकादम हसला.

दारू सुटावी म्हणून आईने त्यांना दर गुरुवारी उपवास धरायला लावला. दिवसभर नुसतं पाणी. घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला, म्हणून खरंखोटं ठरवणं माझ्याकडे आलं. रोज सकाळी मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचो. वास कधीच आला नाही. तरी मी आईला सांगितलं, हल्ली बिनवासाचीही मिळत असेल. लिहितानाही लाज वाटते. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी तो हात बाजूला केला.

तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी त्यांना आकडी आली. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि थोड्याच वेळात ते उठून बसले.

"पितात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"रक्तात दारू नाही यांच्या. साखर मात्र फार कमी झाली होती."

मग मोठ्या इस्पितळात त्यांना मुद्दाम उपाशी ठेवून पुन्हापुन्हा रक्त घेतलं. आम्ही दर गुरुवारी केलं तेच, फक्त तिथे कोणी त्यांना दारुडा म्हणत नव्हतं. उपाशी माणसाचं इन्सुलिन कमी व्हायला हवं, यांचं होत नव्हतं. स्वादुपिंडात भिजलेल्या हरभऱ्याएवढी गाठ होती, तीच सतत इन्सुलिन सोडून साखर उतरवत होती. ऑपरेशन करून ती काढली. झोकांड्या थांबल्या.

घरी आल्यावरच्या पहिल्या सकाळी आईने ताट वाढलं. वडिलांनी मला हाक मारली आणि तोंड उघडलं.

"घे वास. मग जेवतो."

"आण्णा, नको ना."

ते हसत नव्हते. ताटातली भाकरी तशीच होती. शेवटी मी वाकून वास घेतला, तेव्हा त्यांनी पहिला घास मोडला.