ताप उतरल्यावरची मावशी

आमच्या सापगावच्या मावशीइतकं हट्टी माणूस शहापूर तालुक्यात दुसरं नाही. मुरबाडकडेही नसावं, असलंच तर मावशीने त्याला एव्हाना सरळ केलं असेल. कोणाच्याही अंगणात न विचारता शिरायचं आणि उघडं पिंप दिसलं की उपडं करायचं, ही तिची रीत. एकदा तिने भर लग्नघरात हात धुवायचं पिंप ओतून दिलं, चार दिवसांचं पाणी, डास होतील म्हणून. वऱ्हाडी खरकटे हात घेऊन उभे! "चाटा हात, मरायचे नाय," मावशी म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला, तेव्हापासून ती या आजाराची मास्तरीण. आरोग्य केंद्रासाठी मी लिहिलेलं डेंग्यूवरचं पत्रक तिला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवत होते. 'रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशी' इथवर पोचले आणि तिने कागदच ओढला. "अंतःस्तर कोणाचा मामा? सारवण लिव गो! भाताची कणगी आमी सारवतो ना, तसं रक्ताच्या नळीला आतून सारवण असतं. डेंग्यू ते ओरखडतो. मग त्याला हाकलायला अंगातलीच राखण काठ्या घेऊन धावते, नि त्या बसतात सारवणालाच. भेगा पडतात, रक्तातलं पाणी झिरपून जातं, रक्त घट्ट होतं. नि हे कधी? ताप उतरताना! तवाच आपली माणसं म्हणतात, बरा झाला."

मी पत्रक बदललं. सगळ्यात वर, ठळक: ताप उतरला म्हणजे सुटलात असं नाही.

यंदा ऐन आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, तिलाच पुन्हा डेंग्यू झाला. दुसरी खेप जास्त वाईट असू शकते. डेंग्यू वेगळ्या वाणाचा असला तर पहिल्या खेपेची राखण त्याला अडवायचं सोडून हात धरून पेशीत आणते. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. आणि ही बाई पदर खोचून खाचराकडे निघाली! पोटात कळा, दोनदा ओकलेली, हात गार. मी दारात आडवी उभी राहिले.

"रोपं पिवळी पडतील. हो बाजूला!"

"मावशी, सारवण!"

"ते लोकांचं गो. माझं मजबूत हाय."

असा संताप आला मला! तालुक्याला शिकवायचं आणि स्वतःवर आलं की असं? शेजाऱ्याच्या रिक्षात तिला अक्षरशः कोंबलं. शहापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची नाडी बोटाला लागेना. दोन दिवस सलाइन, तासातासाला रक्तदाब. लघवी झाली का, एवढंच मी विचारत होते; रक्तात पाणी टिकतंय की नाही ते त्यावरूनच कळतं.

ती घरी आली तेव्हा शेवटचं खाचर उरलं होतं. बाकीची आवणी आम्ही पोरींनी उरकली होती. मावशी बांधावर बसली. "आवणी हाय का कोंबड्यांनी उकरलंय?" म्हणाली आणि बांधावर पडलेलं एक रोप उचलून चिखलात खोचलं. मग हळूच विचारलं, "खरं सांग, जाणार होते का गो मी?"

पत्रकात खरं ते ठणकावून छापणारी मी. तिच्याकडे पाठ केली आणि चिखलात वाकून रोपांची जुडी सोडत राहिले.