तो राब नव्हता

रामवाडीत माझ्या पापडांच्या अंगणामागे टेकडी होती. होती म्हणजे अर्धी अजून आहे. उरलेली मुंबईच्या एका गृहस्थाने प्लॉट पाडायला कापून नेली आणि प्लॉट काही विकले गेले नाहीत. लाल, उघडा उतार तसाच राहिला. दुपारी वारा सुटला की ती माती उठून थेट माझ्या उडदाच्या पापडांवर बसायची. गिऱ्हाइकं विचारायची, तिखट जास्त घातलंय का? मी हो म्हणायचे. पण दाताखाली करकरणाऱ्या तिखटाला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

प्लॉटवाल्याने फोनवर शिव्या खाऊन एक टँकर पाठवला. मारलेलं पाणी संध्याकाळपर्यंत वाळून गेलं. मग म्हणाला, हिरवी जाळी लावतो. मी म्हटलं, जाळी नको, उतारावर मला हवं ते करू द्या. तो इतक्या पटकन हो म्हणाला की मी फारच कमी मागितलं, हे माझ्या लक्षात आलं. ते अजून सलतं.

गडब गावात जाऊन घासाघीस केली आणि टेम्पोभर पेंढा आणला. पापड लाटणाऱ्या बायकांना हाताशी घेऊन तो उतारावर पसरला, उडू नये म्हणून वर काथ्या ताणला, दगड ठेवले. धूळ थांबली. पापड पुन्हा पापडाच्या रंगाचे झाले आणि मी ते भेटेल त्याला ऐकवलं.

मग एक दिवस रोह्याला माल पोचवून परतले, तर उतार काळा, पापड काळे, आणि शेजारचे शेतकरी काका काठी टेकून समाधानाने बघत उभे.

"काय गो," ते म्हणाले, "राब घातलास न् भाजायला विसरलीस. म्हणून मीच काडी लावली."

आमच्याकडे रोपं करायची जमीन पेंढा-पाचोळा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. काकांना वाटलं, मी शेती काढली. हायवेच्या चहाच्या टपरीवर, भरल्या गर्दीत, मी त्यांना बैल म्हटलं, अडाणी म्हटलं आणि आगलाव्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन काकांनी राखेत नाचणी फेकली. भाजलेली जमीन वाया घालवणं त्यांना बघवेना.

पावसात उतारावर रोपांची दाट गादी उगवली. दरवर्षी अंगणात घोटाभर लाल चिखल यायचा, त्या वर्षी पाणी येत होतं ते जवळजवळ नितळ. मी हे कोणालाच ऐकवलं नाही. आणि एका सकाळी काका टोपली घेऊन रोपं उपटायला आले. रोपं वर त्यांच्या माळावर लावायची होती. ती उपटली असती तर अख्खा उतार माझ्या शेडमध्ये येऊन झोपला असता.

मी पैशांची भाषा काढली. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणाले, टपरीवर बोललीस ते टपरीवरच परत घे.

"तिन्ही?"

"बैलाचा मला राग नाय. बैल कामाचा हाय. पण अडाणी परत घे. न् आगलाव्या पण."

"आगलाव्या कसं परत घेऊ काका? आग तुम्हीच लावलीत ना?"

मी लगेच सौदा पुढे रेटला: बैल आणि अडाणी परत घेते, आगलाव्या तेवढा राहील. बदल्यात रोपं आडव्या पट्ट्यांत काढायची, एक पट्टा काढायचा, एक ठेवायचा, म्हणजे वरून निसटलेली माती खालच्या पट्ट्याला अडकेल. काकांनी पट्टे रुंद मागितले, मी अरुंद. टोपली दोनदा उचलली गेली, दोनदा खाली ठेवली गेली. शेवटी दोन हातांच्या पट्ट्यावर जमलं.

टपरीवर मी दोन शब्द मोठ्याने परत घेतले. काका तिसऱ्याची वाट बघत राहिले. मी चहा सांगितला.

पट्टे टिकले. मधल्या जागेत गवत आलं, नाचणी कापल्यावरही त्याची मुळं माती धरून राहिली. यंदाच्या उन्हाळ्यात पापड स्वच्छ वाळले. आता कोणी उताराचं कौतुक केलं की काका टपरीवरूनच सांगतात, "हिनं राब घातला, मी भाजला."

तो राब नव्हता, हे मी दर वेळी सांगते. कोणी ऐकत नाही. म्हणून तिसरा शब्द मी अजून परत घेतलेला नाही.