सोवळ्यातला श्वास

बसवनगुडीतल्या आमच्या घरात हिवाळ्याची पहाट आईच्या खोकल्यानं उजाडायची. काठीवर वाळत टाकलेलं सोवळ्याचं लुगडं थंडीत रात्रभर वाळायचं नाही. आई न्हाऊन ते तसंच ओलं नेसायची आणि स्वयंपाकाला लागायची. नैवेद्य होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. शेजारचे कानडी लोक याला मडी म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून आम्हीही तेच म्हणू लागलो होतो. बेंगळुरूच्या थंड हवेचं लोक कौतुक करतात. त्या हवेनं आणि त्या लुगड्यानं मिळून आईला दमा दिला, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मी तेव्हा विशीत होतो. तालमीतल्या एका गुरूंकडे आसनं शिकून पोरांना शिकवू लागलो होतो. गुरू पाठीवर पाय देऊन वाकवायचे. "हाड मोडलं तरी चालेल, आसन मोडता कामा नये," म्हणायचे. मीही तोच कित्ता गिरवत होतो. शिकवणं म्हणजे दाबणं, एवढंच मला ठाऊक होतं.

एका सकाळी आईला चुलीपाशीच धाप लागली. ओठ काळे पडले, खांदे कानांपर्यंत चढले. मी धावलो, तर तिनं हातातली पळी उगारली.

"शिवू नको रे मरी, मडीत आहे मी. स्वल्प थांब, जाईल."

मरी म्हणजे बाळ. एवढा मोठा बाळ उंबऱ्यावर हात चोळत उभा! असा संताप आला होता की देव्हारा उचलून अंगणात ठेवावा. पण हातच चालत नव्हते, म्हणून तोंड चालवलं.

"आई, पाटावर बस. ते पातेलं पालथं घाल, त्यावर कोपरं टेक. खांदे सोड. श्वास ओढू नको, नुसता सोड. चूल फुंकतेस ना, त्याहून हळू."

ती तसं करत गेली आणि हळूहळू धाप बसली. 

मग रोज सकाळी उंबऱ्याबाहेरून आमचा वर्ग चालू लागला. तालमीतही मी कुणाला दाबेनासा झालो. धडधाकट पोरं पळाली, कंबर धरलेले आणि दमेकरी येऊ लागले. गुरूंनी मला "बायकांचा मास्तर" म्हणून हिणवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. आईच्या हट्टाचं मात्र वाटायचं.

"आता तरी कोरडं लुगडं नेस," मी विनवायचो.

"कशाला? धाप लागली की तू आहेस ना सांगायला!"

मी तिला श्वास सोडायला शिकवला आणि त्याच्याच जोरावर ती ओलं लुगडं नेसत राहिली. आगीतून फुफाट्यात पडलो होतो, तेही माझ्याच विद्येनं.

पुढच्या एका हिवाळ्यात माझं बोलणं पुरेनासं झालं. सांगून सांगून माझा घसा सुकला, तिची धाप बसेना. चुलीवर भात होता, नैवेद्य व्हायचा होता. तिनं उंबऱ्याकडे मान वळवली.

"मरी, आत ये. पाठीवर हात ठेव."

मी गेलो, हात ठेवला. तिनं आपणहून मडी मोडली, तेव्हाच मला कळलं की आता आई काही वाचत नाही.