गणपतचा दाखला

ड्रायव्हर लोकांच्या फायली ठेवायचं काम ज्यानं केलं, त्याच्याजवळ किश्श्यांचा तोटा नसतो. फायली कपाटात मावतात हो, किस्से कुठं ठेवायचे? चहा सांगा, एकेक काढतो.

पांढुर्ण्याच्या एका मोटर सर्व्हिसमध्ये मी हेडक्लार्क होतो. हेड म्हणजे काय, दुसरा क्लार्कच नव्हता! छप्पन साली राज्यं नव्यानं आखली. नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, आम्ही राहिलो मध्य प्रदेशात. गाड्या त्याच, रस्ता तोच, पण हुकूम नवा आला: प्रत्येक ड्रायव्हरची फाइल पूर्ण पाहिजे. फोटो, डोळ्यांचं सर्टिफिकेट, चालचलनाचा दाखला, जुन्या मालकाचा अनुभवाचा दाखला. एक कागद कमी, की माणूस स्टिअरिंगवरून खाली!

मालक घाबरला. मी छाती ठोकून सांगितलं, "शेटजी, आपला एकही ड्रायव्हर कागदापायी घरी बसणार नाही."

* * *

सुरुवात फोटोपासून. गावातल्या स्टुडिओत फोटोसाठी कोट होता, पण एकच! आमचे सगळे ड्रायव्हर त्याच कोटात चमकले. अडला फक्त शामराव. हा एवढा पहिलवान गडी, कोट अंगात जाईना. शेवटी फोटोवाल्यानं कोट उलटा धरून समोरून चढवला, अन् मागं दोरीनं बांधला.

फोटो आला झकास! टेबलावर ठेवून शामराव मला म्हणतो, "बाबूजी, आताच सांगून ठेवतो. पाठीचा फोटो मांगान, तर नोकरी सोडून देईन!"

* * *

मग डोळे. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर गणपत. छिंदवाड्याची गाडी त्याचीच. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी खिडकी उघडली अन् विचारलं, "दूर काय दिसतं, सांगा."

गणपत म्हणाला, "रस्ता. रस्त्याच्या पलीकडं चिंच. चिंचेखाली तुमचा कंपाउंडर. पेशंटनं तुमच्यासाठी आणलेली संत्री खाऊन राहिला."

डॉक्टर तसेच पळत बाहेर! परत आले ते सालं हातात घेऊन, अन् बसल्या बसल्या सर्टिफिकेट लिहून दिलं.

* * *

चालचलनाचा दाखला शामरावनं तिगावच्या पाटलाकडून आणला. पाटील त्याचा सख्खा मामा. मी उघडून वाचला तर काय! "सदर इसम लहानपणापासून ऐकत नाही. जेवतो फार. परंतु दारूला शिवत नाही व दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही."

मी म्हटलं, "अरे, मामा आहे की दुश्मन?"

"मामाच हाय जी," शामराव म्हणाला, "म्हणून तर जेवणाचं एवढंच लिहिलं!"

* * *

आता गणपतचं ऐका. सगळ्यांच्या फायली झाल्या, पण ह्याचाच अनुभवाचा दाखला मिळेना. जुना मालक वारला, कंपनी बुडाली, सही करणार कोण? तपासणीला छिंदवाड्याहून नवे साहेब आले. माणूस हिंदीवाला, नियमाचा कडक. बाकीच्या फायली पाहून मला शाबासकी दिली, अन् गणपतची मात्र बाजूला ठेवली. "सबूत लाइए. नहीं तो कल से गाड़ी बंद."

गणपत नुसता टोपी हातात घेऊन उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाच्या भरवशावर आमची सर्व्हिस उभी, तोच घरी बसणार?

साहेबाला परत जायला गाडी गणपतचीच. मी फाइल बगलेत मारून मागच्या सीटवर बसलो. म्हटलं, वाटेत विनवण्या करू.

गाडी थांबेल तिथं लोक काही ना काही गणपतच्या हवाली करत. कोणी लेकीसाठी डबा, कोणी दुरुस्तीचा चष्मा, कोणी घराची चावीच! ना चिठ्ठी, ना पावती. साहेब ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून पाहत होते.

सौसरला एक बाई धावत आली. कडेवर दोनेक वर्षांचं लेकरू. "गणपतदादा, मी कपाशी वेचाले जाऊन राहिली. याले रामाकोन्याले माह्या मायजवळ देजा!" गणपतचे हात स्टिअरिंगवर. तिनं इकडंतिकडं पाहिलं अन् लेकरू सरळ साहेबाच्या मांडीवर ठेवून निघूनही गेली!

साहेब थिजले. "अरे, ये औरत मुझे जानती भी नहीं!"

गणपत समोर पाहतच म्हणाला, "मले ओळखते जी."

लेकरू आधी रडलं. मग साहेबाच्या टायशी खेळलं. मग तिथंच झोपलं. रामाकोना जवळ आलं तसा त्यांनी मागं हात केला, हळूच म्हणाले, "बाबू, वो फाइल. आवाज मत करना."

लेकरू न हलवता त्यांनी फाइल ड्रायव्हरशेजारी आतच असलेल्या बोनेटवर टेकवली, अन् अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: "मैंने स्वयं देखा।" खाली सही. मी ती सहीच पाहत बसलो, धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं.

रामाकोन्याला म्हातारी आजी दारातच उभी. तिनं लेकरू उचललं, साहेबाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, अन् गणपतला म्हणाली,

"नवा क्लीनर काय रे हा? लेकरू चांगलं सांभाळते. पक्का करून टाक याले!"