पाण्याच्या पाळीसाठी एडिटर निवडताना

आधी क्षमा मागते. ज्या विषयावर लिहायला बसले आहे, त्यातले माझे वय शाळेत नाव घालण्याइतकेही नाही. उरलेले सारे आयुष्य सौंसरच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर घरबसल्या प्रोग्रॅमिंग शिकले, हे सांगतानाही परक्या स्वयंपाकघरात न विचारता शिरल्यासारखे वाटते. जाणकारांनी खुशाल पान उलटावे.

आमचा संगणक जुना. त्याची मूळची प्रणाली त्यालाच पेलवेनाशी झाली, तेव्हा पांढुर्ण्याच्या जावयांनी त्यात लिनक्स घालून दिले. ही प्रणाली फुकट मिळते आणि तिची आतली बांधणी कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते. यजमानांच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, हे पटले नाही. भासऱ्यांनी भावजयीशी थेट बोलायचे नाही, ही रीत ते अजून पाळतात. मला काही सांगायचे असले की दाराशी किंवा चहाच्या कपाशी बोलतात. त्या दिवशी ते संगणकाशी बोलले.

“फुकट देऊन राहिले तुले, मतलब काई तरी खोट असंनच तुयात.”

बोरगावच्या वाटेवर दोघा भावांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि विहीर एकच. हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देतात. मग पाणी सुरू झाले की बहार फुटतो. नेमके तेव्हाच आमच्याकडे भांडण फुटते. शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, कधी मध्येच जाते. मग बुडालेले तास कुणाचे, यावर दोन सख्खे भाऊ आठवडेच्या आठवडे अबोला धरतात. गेल्या वर्षी तर बगीच्यात मधून भिंत घालण्याची भाषा झाली. ती ऐकून माझ्या तोंडून निघून गेले, की पाण्याची पाळी कुणाची हे सांगणारा प्रोग्रॅम मी लिहीन. दोघांनीही तो मानायचे कबूल केले. पाणी सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी त्याने उत्तर द्यायचे ठरले.

प्रोग्रॅम लिहायला एक जागा लागते. तिला ‘डेव्हलपमेंट एन्व्हायर्न्मेंट’ असे भारदस्त नाव आहे; आमच्या घरात ‘एडिटर’ एवढ्यावर भागते. तिथे लिहिता येते, चुकेखाली लाल रेघ उमटते आणि लिहिलेले तिथल्या तिथे चालवून पाहता येते. लिनक्सवर अशा जागा इतक्या आहेत, की आठवडी बाजारातली वांगी निवडणे त्याहून सोपे.

जावयांनी सुचवलेला एडिटर राजेशाही होता. तो उघडेपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, निवूनही जाई. तोवर संगणकाचा पंखा असा घरघरे, की यजमान अंगणातून विचारत, “अवं, मोटर कोनं चालू केली?”

थोरल्या घरच्या पुतण्याला हे कळताच त्याने आपला एडिटर आणून बसवला. काळा पडदा, माऊसला मज्जाव, प्रत्येक कामासाठी दाबायची अक्षरे वेगळी. त्यात शिरणे सोपे होते. बाहेर पडण्यासाठी पहिल्या दिवशी मला घराचा मेन स्विच बंद करावा लागला.

“काकू, एकदा हात बसला ना, का मंग तुमाले दुसरं काई आवडनच नाई,” पुतण्या म्हणाला.

जावयांना नाही म्हणण्याची आमच्यात रीत नाही, आणि पुतण्याला नाही म्हणणे म्हणजे थोरल्या घराला नाही म्हणणे. व्याह्यांकडची साडी व्याह्यांसमोर नेसावी आणि माहेरची माहेरी, तसे मी सुरू केले. पांढुर्ण्याची बस यायच्या सुमारास राजेशाही एडिटर उघडून ठेवी; फाटकाशी पुतण्याची मोटारसायकल वाजली की काळा पडदा. खरे लिहिणे मात्र तिसऱ्याच ठिकाणी चाले. लिनक्सबरोबर एक साधी पांढरी खिडकी आलेली होती, निव्वळ मजकूर टिपण्यापुरती. लाल रेघ नाही, सल्ला नाही; लिहिलेले चालवण्याचा हुकूमही वेगळा टाइप करावा लागे. तिच्यासमोर मला कुणाची भीड वाटत नसे.

ठरलेल्या रविवारी जावई आणि पुतण्या एकाच वेळी दारात उभे राहिले. मागोमाग भासरे आले. सगळे संगणकासमोर बसले.

“उघडा आई, आपलंवालं,” जावई म्हणाले.

“काहून? ते खुलेपर्यंत विहीर आटंन,” पुतण्या म्हणाला.

“अन तुमच्यावाल्यातून आई बाहेर कवा निघतीन?”

माझा हात माऊसवर तसाच राहिला. शेवटी भासरे संगणकाला म्हणाले, “तू बोल बाप्पा. आज पाण्याची बारी कोनाची?”

मी डोळे मिटून पांढरी खिडकी उघडली. रात्री वीज जाऊन बुडालेल्या तासांचा आकडा दुरुस्त केला आणि प्रोग्रॅम चालवला. जावई आणि पुतण्या आयुष्यात प्रथमच एका सुरात म्हणाले, “याच्यात लिवलं?”

उत्तर आले: आज थोरले घर.

यजमानांनी सकाळपासून पाणी आमच्याच झाडांना सोडलेले होते. ते उठले, चपला घातल्या आणि पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला बगीच्यात गेले.

“खरं बोलते हा,” भासरे म्हणाले. मग संगणकाला बजावले, “ज्याच्यात खरं बोलला, त्याच्यातच राहाजो. तुयी जागा बदलली, तं मी नाई मानत.”

तेव्हापासून पाळी सुरळीत आहे. दोघे भाऊ विहिरीच्या काठावर एकत्र चहा पितात, आणि भिंतीचा विषय कुणी काढत नाही. जावई आणि पुतण्या मात्र दर भेटीत मला गाठून सांगतात, की प्रोग्रॅम एखाद्या धड एडिटरमध्ये हलवा. दोघांचा धड एडिटर अर्थातच वेगळा.

त्यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. आता ठिबकच्या नव्या नळ्या जोडायच्या आहेत, प्रोग्रॅम वाढवावा लागणार आहे, आणि लाल रेघेवाचून माझ्या चुका मला दिसत नाहीत. एडिटर बदलला, तर भासरे पाळी मानणार नाहीत. न बदलला, तर माझ्याच एखाद्या चुकीने पाळी बिघडेल आणि भिंत उभी राहील. तुम्ही माझ्या जागी असता, तर एडिटर बदलला असता का?